चाळीस पावलं

दगडाचा दिवस ठरला तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं.
मी रस्ते खात्यातला रिटायर मुकादम,
रविवारी सकाळी दूध घेऊन परततोय
तर परळच्या आमच्या गल्लीत अर्धा रस्ता बंद,
बॅरिकेडला झेंडूची माळ,
बेकरीच्या पायरीवर बँजो पार्टी तारा पिळतेय.

शमिका पेडणेकर कागद वाटत होती.
"आपला मैलाचा दगड.
इंग्रजांच्या काळापासून त्याच जागी उभा."
त्याच जागी.
मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

फुटपाथात गळ्यापर्यंत रुतलेला, वर नुसतं डोकं.
दोन तिरप्या रेघा खाली येऊन मिळालेल्या :
विलायती पाच.
तान्हूबाईच्या गिऱ्हाइकांना ते गंध वाटायचं,
पाच रुपयांची फुलं घेत, दोन त्याला वाहत,
आणि पुढं परीक्षेला, कोर्टात, के.ई.एम.ला जात.

केणीबाईंच्या वर्गातली पोरं पहाटेच
फोर्टातल्या चर्चपासून निघाली होती
मोजायचं चाक ढकलत.
घामेजून आली, आणि थांबली
चष्म्याच्या दुकानासमोर.
"बाई, पाच मैल इथंच संपले."
दगड अजून चाळीस पावलं पुढं.

मग काय, प्रत्येकाला गणित सुचलं.
इंग्रजांचा मैल लांब होता म्हणे.
पोरं कुठंतरी शॉर्टकटनं आली म्हणे.
रस्ताच आखडला, असं एक म्हातारा बोलला
आणि त्यावर कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, चाक बरोबर आहे.

चौऱ्याऐंशी साल. रुंदीकरण.
हुकूम : अडथळा फोडून खडीत घेणे.
खाली माझी सही आहे, काम पूर्ण.
रात्री धोंडू बिगाऱ्यानं घण उचलला
आणि तसाच खाली ठेवला.
"मुकादम, ह्याच्यावर बसून माझा बाप
मिलच्या बदलीची वाट बघायचा."
एवढंच बोलला.
दोन पहारी, एक गोणपाट, काथ्याचा दोर,
आम्ही दोघं त्याला ओढत नेला,
मेलेल्या बैलासारखा.
चाळीस पावलांवर दम संपला
म्हणून तिथंच खड्डा घेतला.
यात इतिहास वगैरे काही नव्हता,
हजेरी कापली जाईल याची भीती होती.

बँजोवाले गप्प.
शमिकानं मोबाइल पुढं धरलेला, रेकॉर्डिंग चालू,
आणि मी पेन्शनीचा विचार करतोय.

तेव्हा तान्हूबाई तोंडातली मिश्री थुंकून आली.
"मी जागीच होते त्या राती," म्हणाली,
"पाटीखाली मुंडकं घालून.
सकाळी पयलं काम काय केलं? शेंदूर आणला.
दगडाला कोण सोडतो, मुकादम?
शेंदराला सोडतात."

चाळीस वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो,
तिच्याकडून मी दर दसऱ्याला तोरण घेतलं,
दहा रुपयांसाठी घासाघीस केली,
आणि यातलं अक्षर दोघांनी काढलं नाही.

एक दाढीवाला आर्किटेक्ट म्हणाला,
शेंदूर खरवडू, दगड मूळ जागी नेऊ.
चष्मेवाला म्हणाला, माझ्या दारात नको.
केणीबाई म्हणाल्या, आधी पोरांना वडापाव द्या.
शमिका बसली होती फुटपाथवर,
उरलेल्या कागदांवरचं "त्याच जागी"
एकेक करून पेनानं खोडत.

पोरांनी रांगोळी मागितली.
चष्म्याच्या दुकानापासून दगडापर्यंत
पावलं काढली, लक्ष्मीची काढतात तशी,
पाच टिकल्यांची बोटं.
दोन दोनच्या जोडीनं, रस्त्याच्या कडेकडेनं.

मी वाकून म्हणालो, बाळांनो,
डावीकडची जरा मोठी काढा.
धोंडूचा पंजा रुंद होता.