तेराशे बेचाळीस

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या खोलीत
बिलांचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला,
तसा पडद्यावर कुणीतरी न बोलावता आला:
तेराशे बेचाळीस चुका सापडल्या.
दुरुस्तीचे एकोणीसशे नव्व्याण्णव फक्त.

कार्ड काढलंही होतं मी.
मुल्लाणी मिस्त्री म्हणाला, थांबा की वैनी,
चुका मोजायच्या फुकट, पुसायचे पैसे?
असला वैद्य आमच्या गल्लीत टिकला नसता.

पत्रा उघडून त्यानं ब्लोअर मारला.
पंख्याच्या पात्यांना बिडाची काळी भुकटी,
आमच्याच कामाची.
चहा उभ्यानंच पिऊन गेला.

आता बरा चालतोय.
तरी रात्री जीएसटीचे आकडे जुळवताना
ते तेराशे बेचाळीस आठवतात.
खोटेच होते, ठाऊक आहे.
पण एवढ्या खात्रीनं माझ्या चुका
आजवर कुणी मोजल्या नव्हत्या.