इशारा पातळी

एकतीस वर्षं मी नदीचे फूट मोजले.
कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावर
छत्री उलटी होईस्तोवर उभं राहायचं,
पट्टीवरचा आकडा वाचायचा,
ओल्या वहीत लिहायचा, फोनवर ओरडून सांगायचा.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
उरलेलं जग त्या दोन रेघांच्या वर नाहीतर खाली.

घरामागे बाग आहे, असं ऐकून होतो.

यंदा शालन इचलकरंजीला.
वैजूला डॉक्टरांनी हलू नको म्हटलंय.
जाताना म्हणाली, "पाणी घालू नकासा, पाऊस घालतोय.
नुसतं बघत जावा."
काय बघू, विचारेपर्यंत
रिक्षा कोपऱ्यावर वळली.

पहिले आठ दिवस मी बघितलं.
रात्री फोनवर सांगितलं, हिरवं आहे.
ती म्हणाली, "कुठलं हिरवं?"

नवव्या दिवशी पेरूच्या खालच्या फांदीला
एक पान दिसलं, निम्मं तांबूस,
कडेला जुन्या कौलाचा रंग.
श्रावण अजून सरायचा होता.
वळचणीची धार तुटलेली नव्हती.
राधानगरीचे दरवाजे आज उघडणार की उद्या,
यावर चहाच्या गाड्यावर पैजा चालल्या होत्या,
आणि हे पान कुणालाही न विचारता
पुढच्या ऋतूत जाऊन बसलेलं.

एकदा दिसलं आणि मग थांबेना.
ढगांच्या फटीतून सकाळी तिरीप येते, पाच मिनिटं,
ती धुण्याच्या दगडावर यायची.
आता नळाकडे सरकलीय.
मी खडूनं भिंतीवर रेघ मारली. सवय.
चार दिवसांनी ऊन परत आलं
तेव्हा रेघेच्या पुढे दोन बोटं.
सीताफळाचे डोळे अजून मिटलेले,
पण एकाच्या दोन डोळ्यांमधून
पांढुरकी फट, झोपेतून कुणी किलकिलं बघावं तशी.
संध्याकाळी हौदावर चतुर,
दहा-बारा, एकाच उंचीवर,
जणू हवेतही कुणीतरी पट्टी रोवलीय.

कुंपणापलीकडून चौगुले मास्तर म्हणाले,
"अजून पंधरा दिवस जोर आहे, बातम्यात सांगितलंय."
पूर्वी मीही आकडाच मानला असता.
आता त्यांना पान दाखवलं.
मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.
"कीड असंल," म्हणाले.

असेलही.
रात्री शालनला सगळं वाचून दाखवलं,
तारीखवार.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "धोबी आला का?"
मी म्हटलं, इस्त्रीवाला? त्याच्याकडे कपडे दिलेतच कुठं?
ती इतकी हसली
की मागून वैजूनं विचारलं, काय झालं गं?

"पाखरू वो. राखी अंगाचं, पोटाखाली पिवळं,
सारखं शेपूट हलवत चालतंय.
गौरीच्या आधी येतंय, न्हाणीच्या मोरीपाशी.
मी चपातीचा तुकडा टाकते, खात न्हाई,
किडे खातंय. पण मी टाकते."
कधीपासून येतो?
"दरसाल."
मला कसा कधी दिसला नाही?
"तुम्ही बंधाऱ्यावर असता."

ती हे रागानं म्हणाली नाही.
रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आज पेपरात पंचगंगा छत्तीस फूट चार इंच.
वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला.
जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथं लिहिलं:
पेरू, पानं तीन.
तिरीप, ऊन नाही म्हणून नोंद नाही.
सीताफळ, जैसे थे.
धोबी, नाही.

पाऊस असा कोसळतोय की मोरी दिसत नाही.
चपातीचा तुकडा भिजून लगदा झालाय.
छत्री धरून उभा आहे.