शेरा

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, काट्याशेजारच्या टेबलावर
मी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो.
जुना डेस्कटॉप. कीबोर्डला बेदाण्याचा चिकटा.
पंधरा किलोचा बॉक्स चढतो, आकडा तारेतून येतो,
भूपाल चौगुले लॉट नंबर टाकतात, एंटर दाबतात,
निरोप निघतो.
पोचला की कोपऱ्यात हिरवा दिवा लागतो.

कुठे पोचला, हे सांगायला पहिल्या दिवशी अर्धा तास गेला.
क्लाउडला, म्हटलं. म्हणजे, ढगात.
काकांनी चष्मा काढला.
"मॅडम, मार्च चाललाय.
सावळजपासून मणेराजुरीपर्यंत माल रॅकवर वाळतोय.
इथं हा शब्द काढू नका."

मग आम्ही नुसतं "वर" म्हणायचं ठरवलं.
वर एक रांग आहे.
निरोप तिथे उभे राहतात,
आणि सांगलीच्या ऑफिसातला दुसरा प्रोग्रॅम
सवड होईल तसा एकेकाला आत घेतो.
"म्हणजे तहसीलची खिडकी."
हो काका. फक्त खिडकी बंद झाली
तरी इथे रांगेतलं कुणी घरी जात नाही.

एप्रिलात एकदा नेट येत-जात राहिलं.
निरोप वर पोचायचा, पण पोच खाली येईतो तार तुटायची.
पोच नाही, म्हणून प्रोग्रॅमने पुन्हा पाठवला.
शिवगोंडा मगदूमांचे चाळीस बॉक्स
हिशेबात ऐंशी झाले.
मगदूम काही बोलले नाहीत. ऑफिस बोललं.
त्या रात्री मी प्रत्येक निरोपाला स्वतःचा नंबर दिला,
तोच दुसऱ्यांदा आला तर ओळखता यावा म्हणून,
आणि कोडमध्ये माझ्यापुरती टीप लिहिली:
पोच हरवली म्हणजे निरोप हरवला असं नसतं.

आणखी एक रांग आहे.
तिचं नाव मी काकांना सांगितलेलं नाही.
तीनदा उघडूनही ज्यांचा अर्थ लागत नाही
ते निरोप तिथे टाकले जातात.
चौदा दिवस राहतात, मग पुसले जातात.
तिकडे कुणी फिरकत नाही. मीही नाही.
ऑगस्टात गेले, तेही दुसरंच काही शोधत.

अकरा निरोप.
वजन शून्य. लॉट रिकामा.
वेळ रात्री साडेदहाच्या पुढेमागे.
सौदे मंदावले की काका रात्रपाळीला असतात.
आणि शेरा.
ही चौकट मी "माल ओला", "बॉक्स फुटका"
एवढ्यासाठी ठेवली होती, शंभर अक्षरांची.

"आज गाडी नाही. यंत्र चालू."

"आज पण नाही. कॉम्प्रेसरचा आवाज बदललाय."

"मांजरीनं रिकाम्या बॉक्सात तीन पिल्लं घातली. वजन केलं नाही."

"पोराचा फोन आला. बरं आहे म्हटलं. अजून काय म्हणायचं."

"इथं लिहिलेलं कोण वाचतं माहीत नाही. पण एंटर दाबलं की हिरवा दिवा लागतो. म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं अस

तिथे शंभर अक्षरं संपली.
आधीचे किती पुसले गेले, कळायला मार्ग नाही.

दिवा मीच बसवला होता.
त्याचा अर्थ रांगेत पोचला, इतकाच.
वाचला, असा नाही.
हे सांगायचं राहून गेलं होतं.

शून्य वजन जागीच अडवावं,
अशी अट घालायला हवी. दोन ओळींचं काम.
फाइल उघडली. कर्सर लुकलुकत राहिला.
बंद केली.

ही रांग एकाच दिशेने जाते,
काट्याकडे काही परत पाठवायची सोय
मी केलेलीच नाही.

गुरुवारी दुपारच्या एसटीने तासगावला निघाले.
ऑफिसात सांगितलं, किरकोळ अपडेट आहे,
जागेवर जाऊनच करावं लागेल,
आणि कदाचित रात्रीचं.