बाजूची खिडकी

माझी आई, वेल्टा, रीगात ट्राम चालवायची.
एकोणीस वर्षं समोर बघत:
रूळ, सिग्नल, आडवा धावणारा एखादा वेडा,
आणि परत रूळ.
पुलानंतर उजव्या हाताला बेकरी असावी, म्हणायची,
वास तरी तसा येतो.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आकडे जुळवत.
त्यांची सुट्टी मार्चमध्येच सुरू व्हायची,
खिळ्यांच्या यादीपासून.
तळ्याकाठी आमचं एक लाकडी घर होतं,
घर कसलं, चार भिंती आणि कुरकुर.
जुलैत तिथे पोचलो की पिशव्या उतरायच्या आधी
बाबा छपरावर.
होडीला डांबर, विहिरीला नवा दोर,
बर्चच्या ओंडक्यांची रास, ती पाडून पुन्हा सरळ रास.
रात्री अकरालासुद्धा उजेड असतो आमच्याकडे,
त्यामुळे थांबायला निमित्तही नसायचं.
हातांना फोड आले की खूश,
सगळ्यांना दाखवत, जणू बक्षीस लागलंय.
"डोकं रिकामं झालं," म्हणायचे.
आई शेपू चिरता चिरता, "आणि माझं भरलं."

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी
तिने पातेलं खाली ठेवलं, एप्रन खुंटीला अडकवला
आणि म्हणाली, "मी बसणार आहे."
"बस की," बाबा वरून ओरडले, तोंडात खिळे.
"इथे नाही. बसमध्ये."

सकाळी आठची गाडी, शेवटच्या गावापर्यंत.
तिथे उतरून एक कॉफी, आणि त्याच गाडीने परत.
एवढंच.
बाजूच्या खिडकीशी, गाल काचेला.
संध्याकाळी येऊन सांगायची:
एका बाईने पियानो अंगणात धुवायला काढलाय.
एक गाय दुसरीच्या पाठीवर मान टेकून उभी होती.
निळ्या फाटकापाशी एक म्हातारा रोज हात करतो,
मला नाही, गाडीला.

बाबांना ते लागलं.
"ही कसली सुट्टी? नोकरीच की, फक्त खुर्ची बदललीस."
"आणि तुझं छप्पर?"
दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मी निकाल द्यावा तसं.
मला शेजारच्या ओस्वाल्ड्सकाकांकडे जायचं होतं,
त्यांच्याकडे टीव्ही होता.
हे मी बोलले नाही.

शेवटच्या आठवड्यात बाबा निघाले तिच्याबरोबर,
इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे.
बस लागते म्हणून खिडकीची जागा त्यांना.
दोन थांबे होईपर्यंत त्यांनी
किलोमीटरमागे तिकीट किती पडलं ते काढलं,
तिसऱ्याला झोपले.
काचेवर डोकं, तोंड उघडं.
आई कडेच्या जागेवर,
तिला दिसत होता फक्त समोरचा रस्ता.
मी मागून पाहत होते:
प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.
तिने त्यांना उठवलं नाही.
निळं फाटक आलं, गेलं.

पुढच्या जुलैत बाबांनी छपराला हात लावला नाही.
करवत घेतली
आणि रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडलं.
चौकट बसवली, जरा तिरकी. खाली बाक.
त्या रस्त्याने दिवसाला एक दुधाची गाडी जाते,
तीही गेली तर.
आई बसली. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.
तास झाला असेल.
"काही दिसलं?" बाबांनी हळूच विचारलं.
"नाही," ती म्हणाली, आणि हलली नाही.

फटीतून डास येत होते.
बाबा लाकडाची कपची शोधायला उठले.
फोड आले होते, या वेळी त्यांनी दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आठला मात्र ती बस गाठायला निघालीच.
बाबा आत बाकावर बसले होते, कपची तासत.
रस्त्यावरून जाता जाता तिने हात केला.
बाबांना केला की खिडकीला,
मला अजून ठरवता येत नाही.