निरंक

तिकीट नाही बाबा, म्हणाली वृषाली,
बस फुकट आहे. नुसतं चढायचं.
आणि गेली प्रयोगशाळेत, तिच्या उंदरांपाशी.
नुसतं चढायचं म्हणजे कसं?
एकतीस वर्षं मी कुणाला नुसतं चढू दिलं नाही.

बार हार्बर, मेन. सप्टेंबरचा शेवट.
गावातल्या हिरवळीच्या कडेला गाडी उभी,
पाठीला सायकली टांगलेल्या,
जशी आमची टपावर कोंबड्यांची डालगी घेऊन निघायची.
स्टिअरिंगवर लोरेन पेल्की, असं छातीवरच्या पट्टीवर.
वय माझ्याएवढंच. आरशातून तिनं हात हलवला.
मी सवयीनं दाराजवळची सीट धरली,
कंडक्टरची.

गाडी हलली आणि उजवा हात
आपोआप काखेतल्या चामडी बॅगेकडे गेला.
तिथं जावयाचं जाकीट, खिशात एक सफरचंद.

बसलेले, सव्वीस. त्यात हाफ सहा.
मांडीवरचं एक, ते धरत नाहीत.
कुत्रा एक. त्याचंसुद्धा फुकट.
चिखलाचे बूट, ओले रेनकोट,
एक म्हातारं जोडपं नकाशा उलटा धरून भांडतंय.
कुणाकडे सुटे मागायचे नाहीत.
पुढे सरका म्हणायचं नाही, ते आपणच सरकतात.
मग मी काय करायचं?
बाहेर बघा, असं बजावून गेली होती पोरगी.

बाहेर बघितलं.
धुक्यात अर्धा समुद्र, अर्धा नाहीच.
एखादाच मेपल पेटलेला,
बाकीचे अजून विचारात.

कुंभार्ली घाटात मी कधी बाहेर बघितलं नव्हतं.
माझा घाट म्हणजे
डाव्या दंडानं दांडी कवळून केलेला हिशेब.
लोक म्हणायचे, धबधबा बघा मास्तर.
मी म्हणायचो, साडेसात रुपये.

तळ्याच्या अलीकडे, वळणावर, एक बाई.
एका पायावर भार, काठी टेकलेली,
हात वर.
धुकं दाट. लोरेनला दिसली नाही.
इथंही हात दाखवा, गाडी थांबवा आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
सांगावं लागलंही नाही.
उठलो. खिडकीवरची दोरी ओढली.
एक घंटी.
ब्रेक लागला, म्हातारा-म्हातारीचा नकाशा खाली पडला.
बाई धापा टाकत चढली, घोटा टम्म सुजलेला.
तिला माझी जागा दिली.
(कंडक्टरनं सीट सोडायची नसते, असा नियम होता.)
आणि दार मिटल्यावर,
कुणाचं लक्ष नाही अशा बेतानं,
दोनदा.
टिंग टिंग.

आरशातल्या भुवया वर गेल्या.
मग डोळे हसले.
गाडी सुटली.

पुढच्या महिन्यात या गाड्या बंद होतात म्हणे,
बर्फ वितळेपर्यंत.
तेव्हा ती काय करत असेल, विचारायचं होतं.
विचारण्याएवढी इंग्रजी माझ्याकडे नाही.

नकाशाची एक बाजू कोरी होती.
गुडघ्यावर ठेवून बॉलपेननं रेघा मारल्या.
प्रवासी, सत्तावीस.
रक्कम, निरंक.
पुन्हा एकदा बेरीज केली, उगाच.
याला काही हिशेब जुळणं म्हणत नाहीत,
तरी खाली सही केली, तारीख घातली.

परत हिरवळीपाशी सगळे उतरले,
जाताना एकेक जण लोरेनला थँक्यू म्हणत.
आमच्या पायलटला कधी कुणी म्हटलं नाही.
मीही नाही, आणि तो बिचारा गाडीतच झोपायचा मुक्कामाला.

मी मागे थांबलो. सीटांखाली वाकून पाहिलं,
शेवटच्या रांगेपासून, जसं पाहायचं असतं.
चिरडलेल्या दोन ब्लूबेरी.
एक लहानसा मोजा, ओला.

मोजा लोरेनच्या हातात दिला.
तिनं तो काचेपाशी, हीटरच्या जाळीवर
नीट पसरून
वाळत टाकला.