नोंद, खोली अकरा

रात्रपाळीची नोंद भूतकाळातच लिहायची
असा इथला दंडक.
चहा घेतला. गोळी थुंकली. कूस बदलली.
झालं तेवढंच;
होतंय, होईल, याला वहीत जागा नाही.

मला ते जमेना.
आमच्या इलोकानोत क्रियापद एवढंच विचारतं,
उरकलं, की अजून हातात आहे?
म्हणून माझ्या एकाच इंग्रजी ओळीत
म्हातारा झोपतो, उठला, पाणी मागतो आणि प्यायला.

स्लायगोला, समुद्राकडच्या या वृद्धाश्रमात
अकरा नंबरला डेव्हनी मास्तर.
चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तांबड्या केल्या.
आता लेकीचं नाव सापडत नाही,
पण माझी वही उलटी दिसली तरी चूक सापडते.
पायमोज्यात लपवलेला पेन्सिलीचा बुटका काढतात.
"रोवेना, एक पाय 'इज'मध्ये, एक 'वॉज'मध्ये!
धक्का सोड किंवा होडी सोड, पोरी."

पहाटे चारला पायजम्यावर टाय बांधून बसले.
"अट्रॅक्टा येतेय. पहिल्या बसने. किटली ठेव."
चर्चमागचा दगड मी पाहिलाय,
तिचं नाव, दोन सालं,
आणि खाली मास्तरांपुरती कोरी जागा.

मी नीट, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे लिहिलं.
आधी 'म्हणाले' आलं,
की मागून येणारं क्रियापदही
एक पाऊल मागे घ्यायचं.
ते म्हणाले, बायको येत होती.

येत होती.
म्हणजे निघाली, आणि वाटेत काहीतरी झालं.

मास्तरांनी वही ओढली.
"अपवाद विसरलीस.
जे अजून खरं आहे ते मागे ढकलायचं नाही.
गुरुजी म्हणाले, पृथ्वी गोल आहे.
'होती' लिहिशील?"
'वॉज'वर काट मारली. वर 'इज',
इतकं दाबून की
पुढच्या तीन पानांवर वळ उमटला.

सकाळी सिस्टर ग्रॉनिया वही चाळते.
अकरावर थांबते. पेनचं टोपण काढते.
व्याकरण बरोबर आहे, मी म्हणते.

म्हणाले. थांबली. काढलं.
सगळं झालेलं आहे, तसंच लिहायला हवं.

फक्त किटलीचं काय करू?
ती मी ठेवली होती.
ती वाजते आहे.