घोटा

सामन्याआधी पन्नास मिनिटं
कॉर्टेझ प्रूइट माझ्या टेबलावर येऊन आडवा होतो.
टेबल साडेसहा फुटी. पावलं बाहेर.
मी टेप फाडते, तो म्हणतो,
"हळू गं रायली, दोन पासपोर्ट भरलेत या घोट्यानं."

बाहेर कोट्का बंदरावर
साडेतीनलाच दिवस आटोपला आहे.
कागदाच्या गिरणीचा वास, उकडलेल्या कोबीसारखा,
जिमच्या दारातून आत घुसतो. सगळे नाकं मुरडतात.
हा एकटाच छाती भरून घेतो.
त्याच्या गावी, आर्कान्सात, अशीच गिरणी होती.
बाप तिथंच लगद्याच्या हौदावर
एकोणतीस वर्षं.

मला खेळाडू चेहऱ्यानं आठवत नाहीत.
याचा डावा घोटा मात्र अंधारातही ओळखेन.

हाडाखाली मटाराएवढी गाठ आहे, ती कॉलेजातली.
तेव्हा हा उडी मारायचा आणि
खाली यायचं विसरायचा,
निदान गावात तसं सांगत.
शेवटच्या सेकंदाला मध्यरेषेवरून भिरकावलेला एक चेंडू,
आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं
सँडविचला याचं नाव दिलं.
प्रूइट स्पेशल: तळलेला मासा, आंबवलेली काकडी, वर लाल सॉस.
अजून मिळतं.
मागच्या उन्हाळ्यात हा स्वतः जाऊन मागवून आला.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, नाव?
यानं सांगितलं.
"सँडविचचं नाही हो," ती म्हणाली, "तुमचं."

हे सांगताना तो इतका हसतो
की माझा टेप वाकडा जातो.

टाचेवरचा पांढरा वण मोठ्या लीगचा.
करार दहा दिवसांचा.
नवे कोरे बूट मिळाले, अर्धा नंबर लहान,
आणि बदलून मागायला हा लाजला.
तीन सामने, मिळून अकरा मिनिटं,
दोन फ्री थ्रो. त्यातला एक आत.
अकराव्या दिवशी सकाळी
हॉटेलच्या खोलीचं कार्ड दाराला लावलं,
तर लाल दिवा.
मोजे आत राहिले ते राहिलेच.

नंतरची गावं तो क्रमानं सांगत नाही.
मीही विचारत नाही.
सूज बोटाखाली लागते, तेवढंच निघतं:
ओर्दूला तीन महिन्यांचा पगार बुडाला,
मालकानं हेझलनटची दोन पोती पाठवली,
अख्खा हिवाळा संघ तेच फोडत बसला.
पानेवेझिसमध्ये, सामन्याच्या मध्यंतरात,
फोनच्या पडद्यावर मुलगी जन्मली.
आवाज आधी आला, चित्र नंतर.
ती आता सात वर्षांची.
जोसलिनला ठाम वाटतं की
बाबा जिथं राहतात तिथं कायम रात्र असते.
तो तिला समजावतो, अगं, वेळेचा फरक.
इथं आल्यापासून समजावणं सोडलंय.

बिऱ्हाड म्हणाल तर दोन बॅगा
आणि भात शिजवायचा एक कुकर,
ज्याचा प्लग कुठल्याच देशात बसत नाही.

चौतिसावं चालू आहे.
उडी गेली. कोपर आलं.
आता तो समोरच्याच्या आधी जागेवर पोचलेला असतो,
पोरं धावून दमतात.
परवा आमच्या विशीतल्या आर्टूनं मला हळूच विचारलं,
याला कसं कळतं चेंडू कुठं पडणार?
मला काय माहीत.
मी टेप लावते.

शेवटचा वेढा. अंगठ्यानं दाबते.
"मार्चनंतर?" मी विचारते.
"रोमानियातून कुणीतरी फोन करणार होतं."
फोन बाकावर पालथा पडला आहे.
तो तिकडे बघत नाही,
छताकडे बघतो.

बाहेर ढोल सुरू झालाय.
"दुसरा," मी म्हणते.
तो उजवा पाय पुढे करतो.
याला कधीच काही झालं नाही.
हाही बांधतो आम्ही.